जड पाणी

आमच्या विदर्भातल्या उमरखेडात नव्या नळाची चकाकी फार दिवस टिकत नाही. दुकानातून आणला त्या दिवशी त्यात तोंड पाहून घ्यावं, कारण चार-सहा महिन्यांत त्याच्या टोकाशी पांढरी खरखरीत कड धरते, मग ती वर चढते आणि पुढे मूठ फिरवायलाही जोर लावावा लागतो. बादलीच्या आत पांढरी रेघ, गिझरच्या कॉइलवर कवच, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, धुऊन पालथ्या घातलेल्या ग्लासांवर वाळलेल्या थेंबांचे ठिपके. पुण्या-मुंबईचे पाहुणे न्हाणीत जाऊन येतात आणि तोंडाने काही म्हणत नसले तरी त्यांच्या मनात काय आलं ते आम्हाला कळतं. बाई नोकरी करायची, घराकडे कुठलं लक्ष! त्यावर आम्ही वाद घालत नाही. ते आंघोळीला बसले, साबण चोळून चोळून अर्धा झाला आणि फेस काही येईना, की त्यांचं मत आपोआप बदलतं.

गावात याला जड पाणी म्हणतात. बोअरचं पाणी जड, नळाचं हलकं. नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन गुंड स्वयंपाकासाठी वेगळे भरून ठेवायचे, कारण बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही रटरटली तरी दाण्याला दाणा वेगळा राहतो. ज्या तालुक्यात शिवारभर तूर उभी असते, तिथल्या घरात डाळ शिजत नाही म्हणून चूल शिव्या खाते. खरा दोष चुलीच्याही खाली, जमिनीत आहे. आपण उभे आहोत तो काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहिला होता. पावसाचं पाणी त्यात मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि त्या आंबटपणाच्या बळावर खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन खाली उतरतं. काळ्या रानात नांगरामागे पांढऱ्या चुनखडीच्या गाठी वर येतात, त्याही याच घराण्यातल्या. मग हे पाणी आपण मोटर लावून वर ओढतो. तापलं किंवा वाळलं की त्यातला वायू उडून जातो आणि चुना भांड्याला धरून बसतो. पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडचे लोक हे मोजमाप डाळीवरून आणि फेसावरून करतात. तेही फारसं चुकत नाही.

मी या घरात आले तेव्हा नळाचा पांढरा थर पाहून तारेची घासणी घेतली आणि भिडले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून थोडा वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "रगडून काय होते वं? भिजू दे त्याले रातभर." वरणात पिळलेल्या चिंचेचा चोथा त्यांनी वाटीत जपून ठेवला होता. तो एका चिंधीत घेतला, नळाच्या तोंडाला बांधला आणि निजायला गेल्या. सकाळी चिंधी सोडून अंगठ्याने नुसतं चोळलं तर थर ओल्या पापुद्र्यासारखा निघून आला.

या घरातल्या बहुतेक युक्त्यांमध्ये औषध स्वयंपाकातलंच असे आणि उरलेलं काम वेळ करी. चिंचेतलं, लिंबातलं, ताकातलं आम्ल चुन्याला हळूहळू विरघळवतं. हळूहळू, हे महत्त्वाचं. पिळलेल्या लिंबाची फोड नळावर घासून लगेच धुऊन टाकली तर काही होत नाही आणि मग बाई म्हणते, घरगुती उपायांनी कुठे काय होतं! फोड बांधून ठेवा आणि झोपा. चुना सुटायचं काम तुम्ही झोपेत असताना होतं. प्रेशर कुकरच्या तळातल्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटूक टाकतात तेही यासाठीच, कुकर आतून काळा-पांढरा होत नाही. तांब्याच्या घंगाळाला आंबट ताक लावून ठेवायचं. शॉवरची चकती काढून रात्रभर लिंबाच्या पाण्यात बुडवायची. गिझरपुढे मात्र यातलं काही चालत नाही, तिथे मिस्त्रीच बोलवावा लागतो.

पण एक धोका सांगितला पाहिजे. आमच्याकडच्या जुन्या घरांत फरशी शहाबादी आणि स्वयंपाकाचा ओटा कडप्प्याचा. दोन्ही दगड चुन्याचे. एक कलबुर्गीकडच्या शहाबादहून येतो, दुसरा आंध्रातल्या कडप्प्याहून, पण जात तीच. म्हणजे नळावरचा जो थर आपण घाण म्हणून काढतो आणि ज्या फरशीवर उभं राहून काढतो, ते दोन्ही जवळपास एकच द्रव्य आहे. आम्लाला यातलं नको कुठलं आणि हवं कुठलं, ते कळत नाही. लिंबू ओट्यावर सांडून तसंच राहिलं की दुसऱ्या दिवशी तिथे फिकट, खडबडीत डाग दिसतो. तो डाग कशाने निघत नाही, कारण तिथे काही लागलेलंच नसतं, असलेलं गेलेलं असतं. आणि शहाबादीवर संडासाचं ॲसिड ओतलं की फसफसून फेस येतो. पाहणाऱ्याला वाटतं, काय घाण निघून राहिली! निघत असते ती फरशी. काळ्या ओट्याला आणि शहाबादीला साबणाचं पाणी पुरे. आंबट चालतं ते नळाला, स्टीलला आणि चिनी मातीच्या टाइल्सना, तेही सांध्यांतलं सिमेंट सांभाळून.

आता चिकटाकडे वळू. स्वयंपाकघराचा शत्रू चुना नाही, तेल आहे, आणि तेलाला आंबटाची फारशी भीती नसते. त्याला राख हवी. या घरात तेव्हा चूल होती आणि चुलीत पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की उरलेली झाडं उपटून, पेंढ्या बांधून परसात रचायची, वर्षभराचं जळण. सकाळी गार झालेली राख आत्याबाई चाळून डालड्याच्या जुन्या डब्यात भरत. चाळायची कारण एक खडा राहिला तर पितळेवर ओरखडे. न चाळलेली राख परसातल्या भाजीच्या वाफ्यात, चाळलेली मोरीशी, आणि सगळ्यात मऊ ती दात घासायला, राखुंडी म्हणून. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओल्या हाताने ती तेलकट कढईवर घासली की खार आणि तेल मिळून तिथल्या तिथे थोडासा साबण तयार होतो. म्हणजे भांडी घासणारी बाई रोज सकाळी मोरीच्या दगडावर साबणाचा कारखाना चालवत होती आणि घरातले शिकलेले पुरुष तिला अडाणी म्हणत होते.

गॅस आला आणि राख गेली. शहरात आधी गेली, गावात नंतर, आणि २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हा आजूबाजूच्या पोडा-तांड्यांसारख्या वस्त्यांतही सिलिंडर दिसू लागले. बायांच्या छातीतला चुलीचा धूर गेला हे फार चांगलं झालं, त्यासाठी शंभर राखा ओवाळून टाकाव्यात. फक्त राख गेली तेव्हा तिचं काम काय होतं ते कोणी नोंदवून ठेवलं नाही, आणि आता शहरातल्या दुकानांत ती छापील पाकिटातून परत आली आहे. राखेच्या जागी मी धुण्याचा सोडा वापरते. एक्झॉस्टच्या पंख्याची पाती, तुपाची बरणी, फोडणीच्या बाजूच्या टाइल्स, डब्यांच्या बोटं चिकटणाऱ्या पाठी, यांच्यावर गरम पाण्यात कालवलेला सोडा थोडा वेळ राहू द्यायचा आणि पुसून घ्यायचं. ॲल्युमिनियमला मात्र लावायचा नाही, काळं पडतं. हातांनाही तो खातो, हातमोजे घालावेत, आणि नसतील तर निदान नंतर हाताला तेल लावावं.

हल्ली मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो. सिंकमध्ये खायच्या सोड्याचा ढीग घालतात, त्यावर व्हिनेगर ओततात, फेस उसळतो, संगीत वाजतं आणि सिंक आरशासारखं होतं. माझी भाची मोठ्या उत्साहाने हे करत होती. फेस खराच येतो. पण सोडा खार, व्हिनेगर आंबट. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात आणि मागे राहतं किंचित खारट पाणी. पाइपात अडकलेला एखादा तुकडा बुडबुड्यांनी हलला तर हलला. सोड्याने आधी चिकट काढा, पाणी टाका, मग व्हिनेगरने चुना काढा, असं वेगवेगळं केलं तर दोघंही कामाला येतात. पण मग व्हिडिओत बघायला काही उरत नाही.

घाणीची तिसरी जात पीठ आणि दूध यांची. दुधाच्या गंजात गरम पाणी ओतायचं नाही, साय तळाला शिजून बसते. गार पाणी घालून ठेवावं. कणकेच्या परातीचंही तेच. आणि तेलकट ताट पाण्याखाली धरण्याआधी ज्वारीच्या पिठाच्या चाळातल्या कोंड्याने पुसून घ्यावं. कोंडा तेल पितो आणि तो कोंडा गाईच्या आंबोणात जातो. आमच्याकडे आता गाय नाही. कोंडा आहे, तो झाडांना जातो.

हळदीच्या डागाबद्दल बायका हमखास विचारतात, कारण आमचा हा पट्टा हळदीचा. शेजारच्या हिंगोलीतल्या वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन आहे. पिवळा डाग साबणाने धुतला की लालभडक होतो आणि बाई घाबरते. हळद आणि चुना मिळून कुंकू करत त्यातलीच ही करामत, खार लागला की हळद लाल होते. लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. डाग घालवायला यातलं काहीच लागत नाही. धुऊन उन्हात टाकायचं. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही आणि उमरखेडात दुसरं काही कमी असलं तरी ऊन कमी नाही.

मसोत्याला मात्र कोणी विचारत नाही. ओटा पुसणारा, कढई उतरवणारा, कधी हात पुसणारा, दिवसभर ओला आणि रात्री नळावर गोळा होऊन बसलेला. चकचकीत ओटा ज्याने पुसला तो मसोताच घरातली सगळ्यांत घाणेरडी वस्तू असू शकतो. दोन ठेवावेत, रोज एक साबण-सोड्यात उकळून वाळत घालावा. बस, एवढंच.

आता पाणी साठवण्याचं. उन्हाळ्यात गावभर ड्रम, टाक्या, रांजण भरलेले असतात. घर जितकं टापटिपीचं तितकं पाणी नितळ, आणि डेंगीचा डास शोधत असतो तो नितळ पाणीच. गटारातला डास वेगळा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून आरोग्य खात्याचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. लोक पाळतातही, ड्रम पालथा करून लगेच भरतात. पण या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या काठावर भांड्याच्या भिंतीला चिकटवते, आणि ती कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. पाणी पुन्हा चढलं की फुटतात. नुसतं ओतून भागत नाही, भिंत घासावीच लागते. आत्याबाईंचा दर आठवड्याला रांजणात डोकं घालून नारळाच्या शेंडीने आतून घासायचा हट्ट मला तेव्हा अती वाटे. त्यांना डेंगी ठाऊक नव्हता, रांजणाच्या पोटाला हात लावला की बुळबुळीत लागता कामा नये, एवढंच त्यांचं शास्त्र होतं.

न्हाणीतला वास हा दुसरा गाऱ्हाण्याचा विषय. परगावाहून महिन्याने घरी यावं आणि दार उघडताच गटाराचा भपकारा यावा. लोक फिनाईल ओततात, डांबरगोळ्या टाकतात. तिथे एक तांब्या पाणी ओतलं तरी काम होतं. जाळीखाली प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात तो वाडगा असतो. त्यात कायम चार बोटं पाणी उभं राहतं आणि ते पाणीच गटाराच्या हवेला आत येऊ देत नाही. उन्हाळ्यात ते वाळतं आणि दार मोकळं होतं. संडासाच्या भांड्याखालच्या वाकड्या नळीतही हीच कल्पना. १७७५ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. माणसाने घरातल्या घरात संडास ठेवायचं धाडस केलं ते या चार बोटं पाण्याच्या भरवशावर. पाहुण्यांची खोली बंद असेल तर तिच्या न्हाणीत आठवड्याला एक तांब्या ओतत जा. गावाला जाताना पाण्यावर चमचाभर गोडं तेल सोडलं तर ते लवकर आटत नाही.

ॲसिडबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. सायकलवर प्लास्टिकच्या बाटल्या लावून माणूस येतो, बाटलीवर ना नाव ना सूचना, आणि आम्ही सरबत घ्यावं तशी ती घेतो. एका हाताला ॲसिड, दुसऱ्या हाताला ब्लीचिंग पावडर, डबल सफाई म्हणून दोन्ही एकदम. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने खंदकांतल्या शत्रूवर सोडला तोच हा वायू. दार लावून घेतलेल्या चार बाय चारच्या संडासात तो थोडासाही पुरतो. ब्रँडेड बाटलीतल्या निळ्या द्रवातही बहुधा तेच हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, पातळ केलेलं आणि सुगंधी. वापरायचं तर एकटं वापरा, दार-खिडकी उघडी ठेवा. आणि शक्य तर वापरूच नका. रोज ब्रश फिरवलेल्या भांड्याला ॲसिड लागत नाही. ते लागतं महिनाभर न पाहिलेल्या भांड्याला.

पण ते ओततं कोण, हा प्रश्न आहेच. बाटली मालकीण विकत घेते आणि वास दुसरीच घेते. आमच्याकडे धुणं-भांड्याला येणारी ताई सांगते, चार घरी संडासही घासायला लावतात, वेगळे पैसे नाहीत आणि हातमोजे मागितले तर हसतात. तिच्या बोटांची नखं ॲसिडने चुरगळली आहेत. याला जुना इतिहास आहे. विदर्भातल्या जुन्या नगरपालिकांच्या गावांत टोपलीचे संडास होते, वाड्यांना मागच्या बोळात उघडणारं एक ठेंगणं दार असे, आणि त्या दारातून आत हात घालणारी माणसं ठरलेल्या जातीतली असत. हे बंद करायला १९९३ चा कायदा यावा लागला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ चा दुसरा. त्याच्या कितीतरी आधी, १९३२ साली, गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषणाला बसले होते, मागणी अशी की मला मैला साफ करायचं काम द्या. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही, अशी सरकारची अडचण होती. लोक उपोषण करतात ते काम टाळायला किंवा काही मिळवायला. संडास साफ करायला मिळावा म्हणून उपाशी राहिलेला माणूस महाराष्ट्राने पाहिला आहे आणि तो जवळजवळ विसरलाही आहे.

गाडगेबाबांना विसरलो नाही, ते आमच्याच विदर्भातल्या शेंडगावचे. त्यांची जयंती २३ फेब्रुवारीला, पुण्यतिथी २० डिसेंबरला. दोन्ही दिवशी शाळाशाळांतून भाषणं होतात आणि आवार झाडून निघतं. मी मास्तरकी केली आहे, त्यामुळे हे किती वेळा पाहिलं ते विचारू नका: भाषणाला मुलगा उभा असतो, खराटे मुलींच्या हातात असतात. फोटोतल्या बाबांच्या हातात काय आहे, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

इतकं सगळं करून मोरीतून गेलेलं पाणी कुठे जातं? दारासमोरच्या नालीत. चिंचेचा चोथा, सोडा, ॲसिड, भाताची शितं, सगळं नालीत, नाली उताराच्या ओढ्याला आणि ओढा शेवटी पैनगंगेला. बुलढाण्याच्या डोंगरातून निघून इसापूरच्या धरणात अडून आलेली ही नदी आमच्या तालुक्याची दक्षिणेची शीव आहे. एके काळी अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचं राज्य होतं, आमच्याकडची जुनी माणसं अजून पलीकडच्या काठाला मोगलाई म्हणतात. तर ज्या युक्त्यांचं कौतुक मी करत आले त्या सगळ्या आपल्या उंबऱ्याशी संपतात. आपली मोरी लख्ख आणि नालीवर डासांचा ढग.

याचं उत्तर नदीपलीकडेच सापडलं, हे आमच्या वऱ्हाडी अभिमानाला थोडं जड जातं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे केले आणि गावातली उघडी नालीच नाहीशी केली. खड्डा साधारण चार फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. मध्ये सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला भोकं, भोवती दगड-गोटे. सांडपाणी टाकीत येतं, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत मुरतं. उभं पाणी नाही, त्यामुळे डास नाहीत. नांदेड जिल्हा परिषदेने मग ही रीत रोजगार हमीतून गावोगाव नेली आणि लोक त्याला मॅजिक पिट म्हणू लागले. जादू वगैरे काही नाही, चार फुटांचा खड्डा आहे.

आम्ही घरी केला तेव्हा पहिला अडथळा मातीचा आला. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग एक थेंब आत घेत नाही. मिस्त्री म्हणाला, "मुरूम लागल्याशिवाय काई फायदा नाई बाई." म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागलं. दुसरी गोष्ट खड्डा सुरू झाल्यावर माझ्या डोक्यात शिरली. इथे मुरलेलं पाणी त्याच कातळात उतरणार, ज्याच्यातून आमची बोअर पाणी ओढते. तेव्हापासून ॲसिडची बाटली घरात आली नाही. तेलकट ताटाला कोंडा लावणं ही आधी काटकसर होती, आता नाइलाज आहे, कारण तेलाने दगडांची तोंडं बुजली की खड्डा संपला.

आणि खड्ड्याच्या आधी एक लहान हौद लागतो, त्यात केस, शितं, भाजीची देठं अडकतात. तो मधूनमधून उपसावा लागतो. खड्डा झाला त्या आठवड्यात घरात चर्चा झाली, हे कोणी करायचं. मुलगा म्हणाला, "एखादा माणूस पाहून ठेवू." मी विचारलं, कुठला माणूस? तुझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर आहे. तो काही बोलला नाही, पण रविवारी जुनी उलथणी आणि बादली घेऊन परसात गेला, आणि नाक मुरडत का होईना, उपसून आला. सूनबाईने तेवढ्यात खिडकीतून त्याचा फोटो काढला.

आता घरात एक नवीनच फौजदार आहे. जेवणं झाली की तो सिंकशी उभा राहतो, जाळी उचलून बघतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "हे भाताचे शितं कोणी सोडले? आणि पोळीचा तुकडा?" परवा त्याने माझंच ताट परत पाठवलं, कोंडा न लावता ठेवलं होतं म्हणून.